मातीखाली निजणारी पाच पानांची वेल

समरकंदच्या एका अंगणातली मी जुनी वेल आहे. द्राक्षाच्याच कुळातली, पण द्राक्ष नव्हे. मित्रांनो, सारा घोळ इथूनच सुरू झाला.

हमरोनं मला बाजारातून आणलं तेव्हा मी नुसती बिनपानांची काडी होते. विकणाऱ्यानं हुसैनी द्राक्ष म्हणून मला त्याच्या गळ्यात मारलं. त्यानं मला भिंतीशी लावलं आणि पालवी फुटायच्या आतच तो वारला. मागे त्याची बायको रोहत एकटी उरली. सारी आळी तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणायची.

आमच्याकडे थंडीच्या आधी द्राक्षाच्या वेली मांडवावरून उतरवून मातीखाली निजवतात, नाहीतर त्या गारठून मरतात. ओपा मलाही निजवायची. मला थंडी बाधत नाही, पण सांगणार कशी? मी मांडव सोडून भिंतीवर चढायचे. ती एकेक फांदी हलक्या हातानं सोडवायची, तेव्हा माझ्या चिकट पावलांचे ठिपके भिंतीवर उरायचे.

द्राक्षं मात्र कधी धरली नाहीत. नुसती काळी, घसा खाजवणारी फळं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

एका वसंतात शेजारची मुकद्दस फावडं घेऊनच आली.

"ओपा, हिची पानं बघा. एका देठाला पाच-पाच. द्राक्षाचं पान एकसंध असतं. आणि द्राक्ष कधी भिंतीला पाय चिकटवतं? ही शोभेची भवानी आहे. उपटते, माझ्याकडची खरी हुसैनी लावू."

मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

"पहिल्या पालवीलाच कळलं होतं गं मला," ओपा चहा ओतत म्हणाली.

"मग दरवर्षी कंबर मोडून झाकता कशाला?"

"यांनी लावलीय ती. आणि हिवाळ्यात पांघरूण घालायला मला दुसरं आहे कोण?"

मुकद्दसनं चहा संपवला आणि फावडं उचलून ती घरी गेली.

गेल्या उन्हाळ्यात ओपा गेली. थंडी आली, बर्फ पडलं, मला निजवायला कोणी आलं नाही. मी मेले नाही. वसंतात पुन्हा हिरवी झाले.

"म्हटलं नव्हतं? हिला मातीची गरजच नव्हती," मुकद्दस भिंतीपलीकडून म्हणाली.

तिचं खरं होतं. तरी त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा थंडी वाजली.

मित्रांनो, आम्हाला ओळखायला जरूर शिका. पानं मोजा, पावलं बघा. पण ओळख पटली म्हणून लगेच फावडं आणू नका. हिला कोण झाकत होतं, तेवढं आधी विचारा.