नमुन्यात आलेलं घर

मार्चच्या उन्हात पोरं सर्व्हे करून परत आली तेव्हा मालती स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकून बसली होती. सौंसरच्या कॉलेजात ती अतिथी विद्वान होती. म्हणजे तात्पुरती प्राध्यापिका; कायम कोणीच नसलेली, पण रोज येणारी. पांढुर्ण्याहून सकाळची बस पकडायची, बी.कॉम.च्या पोरांना सांख्यिकी शिकवायची आणि उन्हं उतरता उतरता परत निघायचं. पुस्तकं हिंदीत, पोरं बोलणार मराठीत आणि परीक्षेत दोन्हींची खिचडी लिहिणार.

यंदा तिने पोरांना प्रोजेक्ट दिला होता. बाजारातले कापडवाले सारखे कुरकुरत, की सौंसरची निम्मी घरं आता कपडे घ्यायला नागपूरला जातात. ते खरं आहे का, एवढंच तपासायचं. शंभर घरं निवडायची आणि प्रत्येक घरी विचारायचं, शेवटचा कपडा कुठून घेतला. घरं आपल्या मनाने निवडायची नाहीत. नगरपालिकेच्या यादीतून चिठ्ठी टाकून पहिलं घर काढायचं आणि ठरावीक अंतराने पुढचं घर घ्यायचं. तिने वर्गात बजावून सांगितलं होतं, "नमुन्यात जे घर आलं, तेच. शेजारचं चालणार नाही."

वैभव कागदांचा गठ्ठा घेऊन आत आला. मागे चंचल.

"मॅडम, एक घर राहिलं. विहाराच्या मागच्या गल्लीतलं. तो बुढा बोलतच नाही. दार लावून घेते," वैभव म्हणाला.

"परत जाऊन आलात?"

"दोनदा गेलो ना. शेजारची काकू तयार आहे, तिचंच लिहून टाकू का?"

"नाही. जे बोलत नाहीत ते बोलणाऱ्यांसारखेच असतील असं धरता येत नाही. त्यांना गाळलं तर नमुना वाकडा होतो." हे तिने इतक्यांदा शिकवलं होतं की वाक्य आपोआप बाहेर पडलं. "नाव काय त्यांचं?"

"श्रावण गजभिये."

मालतीने कागद हातात घेतला आणि बराच वेळ वाचत राहिली. कॉलेजात ती मेश्राम होती, डिग्रीवरच्या माहेरच्या नावाने. ती एकेकाळी गजभियेंची सून होती हे पोरांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"ठेव इथे. मी बघते," ती म्हणाली.

स्वप्निल काविळीत गेला तेव्हा लग्नाला तीन वर्षंही झाली नव्हती. सासू आधीच गेलेली. मालती काही दिवस सासऱ्यांसोबत राहिली, मग आई न्यायला आली. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. निदान न जाण्याचं कारण तरी सांगता आलं असतं. आधी ती दर आठवड्याला फोन करायची, मग सणावाराला. मग एका दिवाळीला राहून गेला आणि त्यानंतर प्रत्येक महिन्याला फोन करणं जास्तच अवघड होत गेलं. सौंसरला नोकरी लागली तेव्हा तिने ठरवलं होतं, या आठवड्यात जाऊ. कॉलेजपासून ती गल्ली चालत जाण्यासारखी होती. दोन वर्षं ती बसस्टँडला दुसऱ्या रस्त्याने जात होती.

त्या दुपारी मात्र ती गेली. पाय जड झाले होते, डोकं दुखत होतं. कागद शेजारणीच्या नावाने भरून टाकावा, असं वाटेत एकदा मनात आलंच.

दार श्रावणने उघडलं. बनियन, लुंगी, दाढी वाढलेली. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग तिच्या हातातल्या कागदाकडे.

"तू बी तेच विचारून राहिली का?"

"हो मामाजी. माझीच पोरं होती ती."

"ये मंग."

खोलीत ऊन साचलं होतं. पंखा फिरत होता, वारा नव्हता. बाबासाहेबांच्या फोटोखाली स्वप्निलचा फोटो. तिने तिकडे हात जोडले आणि खाटेच्या कडेला बसली. मग पेन काढलं.

"पोरांना का नाही सांगितलं?"

"बसवलं होतं ना त्यायले. पाणी देल्लं. त्यायनं पहिलंच विचारलं, घरात किती जण. मले काही सुधरलंच नाही. म्हटलं, जा बापा तुमी."

मालतीने मान खाली घातली. पहिला प्रश्न तोच होता. तिनेच लिहून दिला होता.

"सून लिवाची का त्याच्यात?" श्रावणने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"घरात राहत असतील तेवढेच लिहायचे."

"मंग एकच लिव."

तिने एक लिहिलं. पुढचा प्रश्न तिला वाचवेना. श्रावणनेच कागद ओढून डोळ्यांजवळ धरला, नीट दिसेना तसा परत दिला.

"काय हाय मंग?"

"शेवटचा कपडा कुठून घेतला. सौंसर की नागपूर?"

बाहेरून कोणाची तरी मोटरसायकल गेली.

"मी स्वप्निलनंतर काही घेतलंच नाही. हाय तेच पुरते. त्याच्यासाठी थे पांढरं कापड घेतलं होतं, गुणवंताच्या दुकानातून. मीच गेलो होतो. इथलंच, सौंसरचं. चालते का थे?"

"चालतं," मालती म्हणाली. तिने सौंसरच्या पुढे खूण केली. मग तिला रडू आलं, थांबवता न येणारं. श्रावण उठला नाही, जवळ आला नाही. फक्त म्हणाला, "रडू नोको. लय थकली दिसतेस."

"मामाजी, मी यायला पाहिजे होतं."

"हाव," तो म्हणाला. "पायजे होतं."

एवढंच. माफ केलं असंही नाही आणि नाही असंही नाही. नंतर त्याने काळा चहा केला. दोघांनी तो प्यायला.

सोमवारी वर्गात शंभर घरांचा हिशेब निघाला. नागपूर म्हणणारी बेचाळीस. चंचलने फळ्यावर सूत्र मांडलं, उत्तर आलं वजा एक पूर्णांक सहा दशांश. मर्यादा होती एक पूर्णांक शहाण्णव शतांश; उत्तर तिच्या पलीकडे गेलं तरच निम्म्या घरांचं म्हणणं खोटं ठरणार होतं.

"म्हणजे शून्य परिकल्पना नाकारता येत नाही," चंचल हिरमुसून म्हणाली.

वैभवने पटकन आकडेमोड केली. "मॅडम, दोनच घरं इकडची तिकडे केली तर वजा दोन येते! नाकारता येईल."

"कोणती दोन करशील?"

वैभवने वही मिटली.

"मग निम्मी घरं नागपूरला जातात हे खरं निघालं का मॅडम?" चंचलने विचारलं.

"तसंही नाही. खोटं आहे म्हणायला आपल्याकडे पुरेसं नाही. इतकंच लिहायचं." तिने खडू ठेवला. आज तिला अजून एक वर्ग होता.

संध्याकाळी बसमध्ये आईचा फोन आला. मालतीने सांगितलं, गेल्या आठवड्यात मामाजींकडे गेले होते.

"कसे हाय ते?" आईने विचारलं.

"बरे नाही. डोळ्यांनी दिसत नाही नीट. एकटेच असतात."

"मंग घेऊन ये ना इकडं चार दिवस. डोळ्यायच्या डॉक्टरले दाखवू."

"येणार नाहीत ते."

"विचार तर."

सौंसर कधीच मागे गेलं होतं. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा अंधारत चालल्या होत्या. मालतीने श्रावणचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने उचलला. तिने विचारलं. पलीकडे खोकला, मग टीव्हीचा आवाज कमी झाल्यासारखा.

"पाहू," श्रावण म्हणाला. "रविवारी फोन कर."

"करते," ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून तिने डोळे मिटले.