दोन मजली खाटा

वसतिगृहाच्या खाटा टेम्पोत चढत होत्या. रंगवालीने एका खाटेचा वरचा दांडा धरला, तर तो हातात हलला. कोपऱ्यातल्या जोडावर तिच्या निळ्या रंगाला केसाएवढी भेग गेली होती.

खाटा गावाच्या दुसऱ्या टोकाचा वेल्डर जोडायचा, रंग लावून भट्टीत भाजायचं काम तिचं. भागीदारी ठरली तेव्हा दोघांनी छाती फुगवून सांगितलं होतं, एकमेकांचा माल तपासायचा नाही, आपल्या माणसात ते शोभत नाही. लोकांनी याला विश्वास म्हटलं. कसला विश्वास? आळसच तो, इस्त्रीचे कपडे घातलेला.

तिने त्याला हाक मारली.

"भाऊजी, हा जोड ठोकून बघितला होता?"

"मी कशाला? रंगाआधी तुम्ही बघता ना, वहिनी?"

"मी? मला वाटलं तुम्ही बघूनच पाठवता."

या खाटांच्या वरच्या मजल्यावर पोरी झोपणार होत्या आणि त्यांच्या खालीही पोरी.

"एखादा राहिला असेल," वेल्डर म्हणाला. "आज माल गेला नाही तर गिऱ्हाईक हातचं जाईल. पुढच्या खेपेला बघू."

"पुढच्या खेपेपर्यंत कुणाची पोरगी पडायची वाट बघायची?"

तिने हातोडा आणला आणि टेम्पोत चढून ठोकायला लागली. निळे पापुद्रे उडाले. तिसऱ्या खाटेचा जोड सुटला, तसा सातवीचाही. तिचाच रंग, तिनेच भाजलेला, आणि त्याखाली हे लपलेलं.

"ड्रायव्हरसमोर माझी अब्रू काढताय!"

"अब्रू तुमची एकट्याची नाही. झाकली कुणी? मीच ना?"

तिने वसतिगृहाच्या बाईंना फोन लावला. खाटा येणार नाहीत म्हणाली. बाई भडकल्या.

"चूक कुणाची ते सांगा. त्या एकाला काढते, दुसऱ्याला ठेवते."

वेल्डर तिच्याकडे बघत होता. तिने त्याचं एकट्याचं नाव घेतलं असतं तर तिची भट्टी उद्याही चालू राहिली असती. ओठांवर आलंही होतं.

"दोघांची," ती म्हणाली.

बाईंनी फोन आपटला.

"मला का ओढलं?" वेल्डर किंचाळला. "संपलं आपलं! ए, माझा माल माझ्या दारात उतरव!"

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. "मालक, लोखंड तुमचं, रंग ताईंचा. खरवडून वेगळं करून देऊ का?"

कुणी हसलं नाही. वेल्डर पुढे केबिनमध्ये बसला आणि त्याने दार आपटलं. रंगवालीला उतरायला कुणी सांगितलं नाही, तीही उतरली नाही. मागे खाटांच्या मधे उभी राहिली, आणि टेम्पो वेल्डरच्या दाराकडे निघाल्यावर प्रत्येक खड्ड्याला कुठला जोड कुरकुरतो ते ऐकत राहिली.