जांभळ्या जंतूंची सावली

पाथर्डीकडच्या माळावर एका कंपनीनं काचेच्या नळ्या मांडल्या होत्या. आत जांभळं पाणी. त्या पाण्यात म्हणे जंतू, आणि ऊन खाऊन ते हायड्रोजन नावाचा गॅस सोडतात. त्यावर पुढं गाड्या पळणार. आक्काबाईला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण या राखणीच्या नोकरीमुळं तीस वर्षांत पहिल्यांदाच ती ऊसतोडीला जाणार नव्हती, एवढं तिला पक्कं कळत होतं. मग जंतू काय नि वाघ काय, तिनं राखलेच असते!

पण मेल्या जंतूंनी नेमका ऑक्टोबरात दगा दिला. सकाळी गॅस, संध्याकाळी गॅस, भर दुपारी ठणठण गोपाळ. शुक्रवारी तपासणीची समिती येणार. गॅसच्या मीटरचा काटा खाली दिसला की प्रकल्प बंद, आणि शनिवारी ऊसतोडीचा मुकादम भिमाजी ट्रॅक्टर घेऊन दारात. तिथल्या शास्त्रज्ञ स्नेहल मॅडम डोक्याला हात लावून बसल्या.

"मॅडम, त्यान्ला ऊन सोसंना," आक्काबाई म्हणाली.

"आक्का, ऊन हेच त्यांचं अन्न आहे."

"आवो, अन्न हाय म्हनून काय हंडाभर भात कोंबायचा का?"

डाळिंब करपू नये म्हणून बागेवर जुन्या साड्या पांघरतात, तशा तिनं आपल्या दोन साड्या नळ्यांवर टाकल्या. अर्ध्या तासात काटा वर! मॅडमनी तिला मिठीच मारली.

शुक्रवारी समिती आली. अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या. "हे धुणं काढा आधी."

काढलं, काटा पडला. घातलं, चढला. तीनदा करून झालं. पण मंजूर सामानाच्या यादीत साडी नव्हती, आणि यादीबाहेरची वस्तू यंत्राला लावली तर प्रकल्प रद्द! अध्यक्षसाहेबांनी अख्खी यादी चाळली. शेवटच्या पानावर सापडलं: 'महिला कर्मचारी गणवेश, साडी, नग बारा.'

"म्हणजे साडी चालेल," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "पण ती कर्मचाऱ्याच्या अंगावर असली पाहिजे."

मॅडमचा चेहरा पडला. आक्काबाईनं मात्र विचारलं, "बारा? मंग आनखी अकरा बाया लागत्याल की."

"लागतीलच. नियम आहे."

शनिवारी दुपारी भिमाजी गावभर हाका मारून दमला. तोडीच्या टोळीतली एकही बाई घरात सापडेना. शेवटी ट्रॅक्टर माळावर आणला. बघतो तर बारा बाया नळ्यांशी ओळीनं उभ्या, पदर दोन्ही हातांनी नळ्यांवर ताणलेले.

"ह्ये काय चाललंय, आक्काबाई?"

"दिसत न्हाई व्हय? सावली करतोय. जंतूंना."

भिमाजी पोट धरून हसला. "डोस्कं फिरलं का तुमचं? सोता उनात, अन् सावली जंतूंना?"

आक्काबाईला राग आला. खरा राग. बाळंतपणाच्या पंधराव्या दिवशी फडात उसाच्या पाचटात लेकरू निजवून तिनं कोयता धरला, तेव्हा या बाबानं लेकरावर छत्री तरी धरली होती का?

"पाचला सुट्टी हाय आमाला," ती म्हणाली. "अन् मुकादम, जरा बाजूला सरका. तुमची सावली पडतीय नळीवर. तुमी यादीत न्हाई."