घोडेस्वाराचा टाक

“थांबली काऊन? सांग ना पुढं. इहिरीपाशी काय झालं, थे सांग,” जानराव म्हणाले.

जमुना उभीच राहिली. मातीच्या भिंतींच्या त्या लांबट खोलीला अमरावतीतले अकरा ख्रिस्ती संसार ‘मंदिर’ म्हणत. अकोल्याहून आलेली तीन नवी कुटुंबे पुढच्या सतरंजीवर बसून तिच्याकडे पाहत होती. तिची साक्ष, म्हणजे तिने जुने देव कसे सोडले ती हकीकत, त्यांनी ऐकावी, असे मंडळीचे वडील म्हणून जानरावांनी ठरवले होते. नऊ वर्षांत ती साक्ष नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती. बाप्तिस्म्याच्या दुसऱ्याच सकाळी जमुनेने सासूच्या देव्हाऱ्यातले तिन्ही टाक, म्हणजे मूर्ती ठोकलेले चांदीचे ते लहान पत्रे, पदरात घेतले आणि मळ्यातल्या विहिरीत टाकले. सासू रडली. आभाळ मात्र जागेवर राहिले. या शेवटच्या वाक्याला लोक हसत, आणि साक्षीतली विहीर दर वर्षी थोडी अधिक खोल होत असे.

आज ती ‘तिन्ही टाक’ या शब्दांपाशी अडली होती.

“मले पुढचं सांगता येत नाई, दादा,” ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढल्या रविवारी प्रभुभोजन होते, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून घ्यायचा विधी. त्या दिवशी बायांचा शास्त्रवाचनाचा वर्ग जमुनेच्या हाती द्यायचा, असे जानरावांच्या मनात होते, आणि हे सगळ्यांना ठाऊक होते. मंडळीत आजवर कोणत्याही बाईला असे काम मिळाले नव्हते. जमुनेला ते हवे होते. तिशीनंतर वांग्यांच्या वाफ्यातल्या ओल्या मातीवर काडीने अक्षरे गिरवून ती वाचायला शिकली होती. एवढे हवेसे तिला दुसरे काही वाटले नव्हते.

अडण्याचे कारण बुधवारचे होते. सासू मैनाबाई तापात पडून होती. कपाळावरची घडी बदलताना ती कसलाही राग न आणता म्हणाली,

“त्या तिघांतला एक तुह्या सासऱ्याचा होता व.”

घरातल्या मेलेल्या माणसाचा टाक करून तो देवांशेजारी ठेवतात, हे जमुनेला लहानपणापासून माहीत होते. त्या सकाळी मात्र तिने चेहरे पाहिले नव्हते.

“मंग तवाच काऊन नाई सांगतलं, आत्याबाई?”

“तू तवा कोनाचं आयकत होती?”

देव्हारा काढल्यापासून तो कोनाडा रिकामाच होता. रोज सकाळी मैनाबाई त्यासमोर क्षणभर उभी राही आणि मग चुलीकडे वळे. हे नऊ वर्षे जमुनेने पाहिले होते. त्याला ती अंधार म्हणत आली होती.

सोमवारी तिने विहीर उपसायची काढली. अठराशे चौसष्टचा वैशाख. पाणी गुडघ्याला लागलेले. गाळ काढणारी माणसे कुठेही मिळेनात, कारण सगळी बदनेऱ्याकडे लोहमार्गाच्या भरावावर गेली होती. समुद्रापलीकडे कापूस पिकवणाऱ्या कुठल्यातरी मुलखात लढाई पेटली होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडातली काळी माती पांढऱ्या पिकाने वेडी झाली होती. बाप्तिस्म्यानंतर जमुनेच्या मळ्यातली झेंडूची फुले देवळात कोणी घेईना. पुढे त्या वाफ्यांतही कपाशीच आली. कापूस नेणारे कोणाचा धर्म विचारत नव्हते.

“जगाले कापसाचं याड लागलं, अन् माह्या बायकोले गाळाचं,” तिचा नवरा खुशालराव मोटेचा नाडा तिच्या कमरेला बांधत म्हणाला. “मी उतरतो ना.”

“टाकले म्या. काढीन बी मीच.”

“जानरावले समजलं त?”

“समजन.”

बैल मागे सरकले, चाक कुरकुरले, आणि ती खाली गेली. तळाशी वैशाखातही गारवा होता. वर पाहिले तर आभाळ परातीएवढे. टोपलीभर गाळ घ्यायचा, बोटांनी चिवडायचा, वर पाठवायचा. खापऱ्या निघाल्या, एक बैलाची घंटी निघाली, कधीकाळचा एक विळा निघाला. तीन दुपारी असे चालले. तिसऱ्या दिवशी ऊन कलताना अंगठ्याएवढे काही तिच्या बोटांना लागले.

वर आल्यावर तिने ते पदराने घासले. घोडा, घोड्यावर स्वार, खाली कुत्रा. खंडोबा होता. बाकीचे दोन सापडले नाहीत.

खुशालरावाने तो पत्रा हातात घेऊन उलटसुलट केला. मग हळूच म्हणाला, “बुढीले दिसत नाई. बापाचाच हाय म्हन.”

जमुनेने तो त्याच्या हातून घेतला. घरात जाऊन तिने टाक मैनाबाईच्या तळहातावर ठेवला. ताप उतरला होता. डोळ्यांतला मोतीबिंदू कसा उतरणार? म्हातारीचा अंगठा चांदीवरून सावकाश फिरला.

“घोडा हाय हा.”

“हो. मामंजीचा नाई सापडला, आत्याबाई. लय पायलं.”

बाहेर बैल पाणी पीत होते. त्यांचा घोट न् घोट ऐकू येत होता.

“त्याइले पान्याची लय आवड होती,” मैनाबाई म्हणाली. “राहू दे तेथीच.”

तिने टाक पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

“कोनाड्यात नाई ठेवत मी. घर तुहं बी हाय.”

विहिरीचे आणि सासऱ्याच्या टाकाचे कानावर आल्यावर शनिवारी सकाळी जानराव आले. त्यांनी जमुनेबरोबरच बाप्तिस्मा घेतला होता, आणि त्या दिवसापासून त्यांच्या सख्ख्या भावांनी त्यांना आपल्या उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. मंडळीत त्यांनी केलेला पहिला बोध जमुनेच्या विहिरीवरच होता. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले, तांब्या खाली ठेवला.

“सासऱ्याची आठवन म्हून काढला, असं उद्या उभं राहून सांग. मंडळी समजून घेईन. वर्ग बी तुह्याकडंच राहीन.”

“थो खंडोबाचा हाय, दादा.”

“कोनं पायला?”

“म्या पायला.”

जानरावांनी डोळे मिटले. “म्हंजे तू पुन्हा देव आनला घरात.”

“माहा देव माह्यापाशीच हाय. पन थे तिचं होतं. म्या न इचारता उचललं, अन् नऊ वर्सं उभी राहून तेच सांगत आली. तुमी आयकत आले.”

हे शेवटचे तिने हळू म्हटले. जानराव आपल्या तळहातांकडे पाहत बसले. उठताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा कोरडा होता.

“नियम हाय, जमुने. उद्या तू मागच्या चटईवर बस. भाकर तुले नाई भेटन.”

“कितीक दिस?”

“पाहू.”

रविवारी ती मागच्या चटईवर बसली. गीते तिने सगळ्यांबरोबर म्हटली. बायांचा वर्ग जानरावांच्या भाचीला दिल्याचे सांगण्यात आले, तेव्हा तिने पदर नीट केला. भाकरीचे ताट ओळीओळीने फिरले. खुशालरावाने तुकडा घेतला, कारण घरून निघताना तिने त्याला तशी ताकीद दिली होती. शेवटच्या सतरंजीपाशी ताट वळले आणि परत गेले. तिच्यात आणि ताटात हातभर अंतर होते. तिने मान खाली घातली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिची प्रार्थना शब्दांवाचून झाली.

प्रार्थना आटोपल्यावर ती बाहेर आली, तो पायरीवर मैनाबाई बसलेली. काठी मांडीवर आडवी. नऊ वर्षांत ती या आवारात कधी आली नव्हती.

“तुमी येथी? कोनासंगं आल्या?”

“गाडीवाल्यानं सोडलं. खुशाल काल म्हने, तुले येथी जेवाले नाई देत.” म्हातारीने पदराखालून फडक्यात बांधलेली भाकर काढली. “घरच्या सुनेले उपाशी ठेवतेत का कोनी? घे. कांदा बी हाय.”

“तसं जेवन नसते थे, आत्याबाई.”

“जेवन थे जेवन. खाय.”

दारात जानराव उभे होते. हातात रिकामे ताट होते. त्यांनी ऐकले असावे. ते आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. त्यांनी तो दोघींच्या मध्ये ठेवला आणि परत आत गेले.

जमुना सासूच्या शेजारी बसली. तिने भाकर मोडली आणि अर्धी मैनाबाईच्या हातावर ठेवली. म्हातारी पुढे वाकली, तशी पदराच्या टोकाची गाठ दगडावर लागून बारीकशी वाजली. रस्त्याने कापसाच्या गाड्या बदनेऱ्याकडे चालल्या होत्या. त्यांतून सुटलेले पुंजके पायरीवर येऊन बसत होते. दोघी खाली पाहत जेवत होत्या. जमुनेच्या नखांत विहिरीचा काळा गाळ अजून होता.