पोचल्याची खबर

"इथं बसलं तर कुणी उठवणार नाही ना?"

घोषणाबाईंनी मान वर केली. खुर्च्यांच्या रांगेपाशी एक बाई उभी होती, साधारण त्यांच्याच वयाची. कपडे चुरगळलेले, केस कसेबसे बांधलेले. हातात दवाखान्यातली पिशवी होती आणि पिशवीतून एक पुरुषी बूट डोकावत होता.

"बसा की. सगळ्या खुर्च्या तुमच्याच," घोषणाबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. एवढ्या मोठ्या दालनात दुसरं चिटपाखरूही नव्हतं.

एकेकाळी याच दालनात पाय ठेवायला जागा मिळायची नाही. शहराला तेव्हा हा एकच विमानतळ होता. जाणारा एक आणि पोचवायला दहा, अशी गर्दी. घोषणाबाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. वरच्या काचेच्या खोलीत बसून त्या माईकवर कुठलं विमान कुठं निघालं, कुठून आलं ते सांगायच्या, आणि खाली शेकडो माणसं त्यांच्या शब्दासरशी उठायची, धावायची, गळ्यात पडून रडायची. हे नाव त्यांना तेव्हाच चिकटलं. घरी नवरा म्हणायचा, "ही जेवायला वाढलंय हेसुद्धा अशी सांगते, की वाटतं सामान उचलून पळत सुटावं."

मग नदीपलीकडे, शहरापासून लांब, नवा विमानतळ झाला. मोठी विमानं तिकडे गेली, त्यांच्यामागून दुकानं गेली, हमाल गेले, टॅक्सीवाले गेले. तिकडच्या घोषणा यंत्रातून होणार होत्या, त्यामुळे घोषणाबाई इथंच राहिल्या. पुढं कितीतरी वर्षं इथं फक्त विमान चालवायला शिकणारी मुलं घिरट्या घालत होती. धावपट्टीच्या फटींतून गवत उगवलं. ही जागा विकून टाकणार, इथं इमारती होणार, ही आवई तर दर निवडणुकीला उठायची आणि विरायची. दरम्यान शहर मात्र वाढत वाढत विमानतळाच्या अंगावर आलं. लगतच्या रस्त्यावर एकाला एक लागून मोठाली रुग्णालयं उभी राहिली, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना या जुन्या विमानतळाला पुन्हा काम मिळालं. लांबलांबचे अत्यवस्थ पेशंट घेऊन छोटी विमानं उतरू लागली. माईक केव्हाच निघाला होता. घोषणाबाईंना खाली एक टेबल मिळालं आणि त्यावर पाटी आली, 'माहिती'. आता त्यांना नातेवाइकांच्या शेजारी बसून, हळू आवाजात सांगावं लागे. आवाज चढवायला त्या चार दिवसांत शिकल्या होत्या. उतरवायला फार वेळ लागला.

बाहेर सायरन वाजला. रुग्णालयापासूनचा रस्ता मोकळा केलाय, हे घोषणाबाईंना मघाशीच फोनवर कळलं होतं. आज पेशंट येणार नव्हता. आज इथून एक हृदय जाणार होतं.

तेवढ्यात एक माणूस धापा टाकत आत आला. "अक्का, अगं सगळे तुला तिकडं शोधतायत! चल घरी. इथं बसून काय होणार?"

"तू जा," ती बाई म्हणाली.

भाऊ हताश होऊन टेबलापाशी आला. "तुम्ही तरी समजवा हो. भाचा होता माझा. परवा कामावर उंचावरून पडला. डॉक्टर म्हणाले मेंदू गेला, आता काही उपयोग नाही. अवयव दान करता का, म्हणून विचारलं तर आम्ही सगळे नाही म्हणालो. हिनं मात्र मेव्हण्यांच्या हातापाया पडून त्यांची सही घेतली. तेव्हापासून ते हिच्याशी एक शब्द बोललेले नाहीत."

घोषणाबाई उठून त्या बाईजवळ जाऊन बसल्या. तिनं लगेच विचारलं, "विमान कुठं जाणार आहे?"

घोषणाबाईंना ठाऊक होतं. गावाचं नाव अगदी ओठांवर होतं. जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय होतं? पण हृदय कुणाला मिळणार, कुठं मिळणार, हे देणाऱ्यांना सांगायचं नाही, असा कडक नियम होता.

"ते सांगता येत नाही हो."

"का? तुमच्या टेबलावर तर माहिती लिहिलंय."

घोषणाबाईंनी तिचा हात धरला आणि तिला मोठ्या खिडकीपाशी नेलं. समोर पांढरं, छोटं विमान तयार उभं होतं. गाडी थेट त्याच्या शिडीपाशी जाऊन थांबली. एक डॉक्टर उतरली. दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली एक पेटी घेऊन ती भरभर शिडी चढली.

"एवढीशीच?"

"हो. आत बर्फ असतो. त्यात नीट राहतं."

"बर्फ?" ती काचेला आणखी टेकली. "त्याला थंडी अजिबात सोसायची नाही हो. उन्हाळ्यातसुद्धा पांघरूण लागायचं."

विमान धावलं, उचललं गेलं, इमारतींवरून वळलं आणि दिसेनासं झालं. भावानं पिशवी उचलली. ती मात्र परत खुर्चीवर जाऊन बसली.

"अक्का, गेलं ना आता विमान!"

"गेलं. पोचलं कुठंय? तो कुठं बाहेरगावी गेला की पोचल्यावर फोन करायचा. तोवर मी कधी अंथरुणाला पाठ लावली नाही."

घोषणाबाईंची सुटीची वेळ झाली होती. त्यांनी घरी उशीर होईल म्हणून कळवलं आणि मग वर टॉवरमध्ये फोन लावला. "आत्ता गेलेलं विमान उतरलं की मला सांगाल का?"

"असं कुणाला कळवायची पद्धत नाही, बाई," वरचा अधिकारी म्हणाला.

"गावाचं नाव मी घेणार नाही. फक्त उतरलं एवढंच सांगा. ज्याचं हृदय गेलंय त्याची आई बसलीय इथं."

"बघतो," तो म्हणाला.

भावानं तिघांना चहा आणला आणि आपला कप घेऊन तो लांब जाऊन बसला. बाहेर शिकाऊ विमान उतरायचं, पुन्हा उडायचं. दर वेळी आवाज आला की ती दचकून फोनकडे बघायची.

"नवरा म्हणतो, तू त्याला तुकड्यातुकड्यांनी वाटून टाकलंस," ती एकदम म्हणाली. "मलाही रात्रभर तसंच वाटत होतं. चुकलं का हो माझं?"

समजुतीचे दहा शब्द घोषणाबाईंच्या तोंडाशी आले. एकही खरा वाटेना. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू असतं तर माझा धीर झाला नसता, एवढं माहितीय."

तिनं मान हलवली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

ऊन कलून दालनाच्या निम्म्यापर्यंत आलं, तेव्हा फोन वाजला. घोषणाबाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि रिसीव्हर जागेवर ठेवला. ती उभी राहिली होती. भाऊही उठला होता. घोषणाबाई तिच्याजवळ गेल्या आणि हळू, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारत त्यांनी सांगितलं, "विमान सुखरूप उतरलंय. दवाखान्याची गाडी तिथं आधीच येऊन थांबली होती. निघालीसुद्धा."

"नक्की?"

"नक्की."

तिनं डोळे मिटले. मग भावापुढे हात केला. "फोन दे तुझा. घरी लाव, ह्यांना."

भावानं घुटमळत नंबर लावून दिला. पलीकडून उचलला गेल्याचा आवाज आला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "पोचलं हो. वेळेत पोचलं."

घोषणाबाईंनी भावाला खूण केली आणि दोघं बाजूला झाले. पलीकडून काहीच उत्तर आलं नाही. पण फोन बंदही झाला नाही. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत ती तो कानाशी घट्ट धरून बसून राहिली.