चौदा टक्क्यांचा घाट

कोरीट गावाची विजेची डीपी जळाली आणि लाइट गेली, त्या दिवशी अख्ख्या गावाने वायरमनच्या नावाने बोटं मोडली. नूतनने मात्र आधी आपल्या यंत्राकडे पाहिलं. बॅटरी एकसष्ट टक्के. नवी डीपी संध्याकाळपर्यंत येईल म्हणत होते, म्हणजे कधी येईल ते देवालाच ठाऊक.

यंत्र म्हणजे हातात धरायचा गेमिंग कॉम्प्युटर. तिच्या धाकट्या भावाने, धीरजने, सुरतेत स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना बहिणीकडे पाठवून दिला. मधोमध पडदा, दोन्ही अंगांना बटणं, आणि आत पुरा कॉम्प्युटर. मोबाइलला न झेपणारे गेम त्यावर खुशाल चालत. खोड एकच होती, भूक. पंचवीस वॅट दिले की डोंगरावरचं पान न् पान दिसे, पंखा घरघरत राही आणि तास-सव्वा तासात बॅटरीचा निकाल लागे. आठ वॅटवर ठेवलं तर तीन तास आरामात निघत, पण झाडं बोथट दिसत आणि दाट जंगलात गाडी अडखळत चाले. नूतन आठवरच ठेवायची. उजेड अर्धा, आवाज बारीक. भाजीत मीठ टाकावं तशी ती चिमटीने वॅट टाकायची.

तिचे सासरे धुडकूआबा खरं तर तिच्याहून काटकसरीचे. माणूस खोलीतून उठला की त्याची पाठ फिरायच्या आत पंखा बंद. पाहुणा जेवता जेवता हात धुवायला उठला तरी बंद. पण गेल्या महिन्यात ओसरीवर सुनेच्या हातातली डोंगरातली मोटार-शर्यत त्यांनी पाहिली आणि त्यांच्यात काय शिरलं कोण जाणे. रोज दुपारी यंत्र मागू लागले. आणि मागायचे ते पंचवीस वॅटवरच.

मागायचे म्हणजे थेट नाही. घरची रीत अशी की सून सासऱ्यापुढे डोक्यावर पदर घेणार आणि तोंडातून अक्षर काढणार नाही. हेमकांतशी लग्न होऊन सहा वर्षं झाली, पण दोघांमधला सगळा कारभार सासूबाईंच्या, म्हणजे मंगलाबाईंच्या तोंडून चाले.

"हेमकांतनी माय," आबा बाजेवरून म्हणत, "तिले सांग, मशीन पुरा पावरमा टाक. गाडी का बैलगाडी चाली ऱ्हायनी?"

"ऐकं का वं, नूतन?" मंगलाबाई म्हणत.

दोन हातांच्या अंतरावर दाराआड उभी असलेली नूतन म्हणे, "आई, सांगा त्यांना, बॅटरी तासभरमा खपी जाई."

"खपी जाई म्हनस," मंगलाबाई सांगत.

"खपू दे!" आबा म्हणत. रात्री ओट्यावरचा दिवा मात्र तेच विझवायला येत.

तर डीपी जळाली त्या दुपारी खांडबाऱ्याहून जामसिंग आले. आबांचे शाळेपासूनचे सोबती, एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त. पाणी पिऊन होत नाही तोच आबांनी त्यांना यंत्र दाखवलं आणि डोंगरातली शर्यत आपण कशी मारतो ते सांगायला सुरुवात केली. जामसिंगांनी मिशीवरून हात फिरवला.

"धुडकू, जिंदगी यस्टीमा गई मन्ही. चरणमाळ घाट डोया मिटीसन उतरस मी. तू माले घाट शिकाडस?"

"मंग व्हई जाऊ दे," आबा म्हणाले.

ठरलं असं की घाटाची लांब शर्यत दोघांनी एकेकदा पळवायची आणि ज्याचा वेळ कमी तो खरा ड्रायव्हर. पाहुण्याचा मान म्हणून जामसिंग आधी. नूतनने दाराआडून निरोप पाठवला की वॅट कमी ठेवा, लाइट नाही. पण जामसिंगांना चष्मा होता, त्यांना उजेड पुरा लागला. आवाजही पुरा लागला, कारण इंजिन ऐकल्याशिवाय गियर कळत नाही. शिवाय खऱ्या शर्यतीआधी हात बसायला हवा, म्हणून त्यांनी घाट एकदा पळवला, मग अजून एकदा. नूतनला दारातून पडद्याचा कोपरा दिसत होता. आकडा भोक पडलेल्या हंड्यातल्या पाण्यासारखा खाली जात होता.

जामसिंगांची गाडी हाकायची तऱ्हा बघण्यासारखी होती. वळण आलं की हॉर्न. समोरून गाडी आली की बाजू देणार. पुलावर वेग कमी. शर्यतीतल्या बाकीच्या गाड्या भुर्रकन पुढे जात, तेव्हा ते म्हणत, "जाय भो, जाय, पुढे खड्डामा भेटसूत." आणि खरंच भेटत. दरीत ते एकदाही गेले नाहीत. बारा मिनिटांच्या आतबाहेर त्यांचा घाट संपला, पडद्यावर वेळ उमटला आणि त्यांनी यंत्र आबांच्या मांडीवर ठेवलं.

चौदा टक्के.

"आते?" आबा म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. पंचवीस वॅटवर चौदा टक्क्यांत घाट पुरा झाला नसता, एवढं त्यांना महिनाभरात कळलं होतं. "हेमकांतनी माय, तिले विचार, काय करू?"

"आबा विचारतस, काय करू?"

"आई, सांगा, आठवर टाका. उजेड कमी करा."

आबांनी तसं केलं. शर्यत सुटली. मोकळ्या माळावर गाडी छान धावली. पण पहिलं जंगल आलं तसं चित्र उचक्या देऊ लागलं. एक झाड, मग एकदम तिसरंच झाड.

"आई, जंगलात वाढवा म्हणावं! पंधरावर!"

"काय वाढव?" मंगलाबाईंनी विचारलं. "पंधरा काय?"

"वॅट!"

"हेमकांतना बाप, ती म्हनस, पंधरा वाट—"

तोवर गाडी कठडा तोडून खाली गेली होती. जामसिंग मोठ्याने हसले. गेमने गाडी उचलून पुन्हा रस्त्यावर ठेवली, पण सेकंद गेले ते गेलेच. आबांचे दोन्ही हात गाडी सांभाळण्यात गुंतलेले. वॅटचं बटण बाजूला, ते दाबून वरखाली करायला तिसरा हात हवा होता.

"हेमकांतनी माय, तू बाजूले व्हय!" आबा ओरडले. "नूतन! आठे ये. आठे बठ. ते पावर तू देख, गाडी मी देखस!"

पडद्यातलं इंजिन वाजतच होतं. सहा वर्षांत सासऱ्याच्या तोंडून आपलं नाव नूतनने प्रथमच ऐकलं. तिने सासूकडे पाहिलं. मंगलाबाईंनी नुसती मान हलवली, जा म्हणून. नूतनने पदर सावरला आणि बाजेच्या कडेवर जेमतेम टेकली.

मग सुरू झालं. घाट तिला पाठ होता. माळ आला की बटण दाबून आठ. जंगल दिसायच्या आत पंधरा. पावसाचा पट्टा आला तेव्हा एकदम बावीस, कारण पाण्याचे थेंब वॅट फार खातात.

"आबा, आता बोगदा शे, अंधारच शे, मी कमी करी ऱ्हायनी!"

"कर, कर!"

"डावीकडे! आबा, डावीकडे!"

"माले दिसस वं!"

"दिसस तर वळवा ना!"

मंगलाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवत होत्या की भीती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. जामसिंग आता हसत नव्हते. ते उठून आबांच्या खांद्यामागे उभे राहिले होते आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता.

शेवटचा लांब उतार आला. समोर गावातली गर्दी, झेंडे, माणसं. नूतनचं बोट बटणावर घुटमळलं. वाढवावं, की मध्येच बंद पडेल? तिने दहावरच ठेवलं. गाडी किंचित अडखळत, उचक्या देत रेघेपार गेली. वेळ उमटला.

जामसिंगांपेक्षा तीन सेकंद जास्त. आणि बॅटरी अजून पाच टक्के शिल्लक.

जामसिंगांनी बाजेवर थाप मारली. आबा आकड्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पाच टक्का वाचाड्यात तू. आते त्यानं काय लोनचं टाकशी?"

नूतनचा चेहरा लाल झाला. चूक आपली आहे हे तिला कळत होतं. पण तिच्या आत महिनाभराचं काहीतरी साचलं होतं आणि ते पदराआडून सरळ बाहेर पडलं.

"आणि आबा, तुम्ही नाल्यावरच्या मोरीवर दोनदा गाडी ठोकी, ते? ते कोन्हा टक्का?"

मंगलाबाईंचा हात तोंडावरच राहिला.

"एकदाव," आबा म्हणाले.

"दोनदा."

"एकदाव! जामसिंग, सांग."

"दोनदाव, भो," जामसिंग म्हणाले. "देवाशपथ."

आबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग त्यांच्या पोटातून हसू आलं, असं की बाज करकरली. जामसिंग हसले, मंगलाबाई हसल्या. नूतनने आधी पदर दाताखाली धरला, मग तिलाही आवरेना.

"जामसिंग, आज जावानं नई," आबा डोळे पुसत म्हणाले. "लाइट येवू दे. शंभर टक्कावर देखसूत."

डीपी दिवेलागणीला आली, लाइट लागली आणि गावभर एकच ओरडा झाला. नंदुरबारच्या मिरची मार्केटमधलं काम आटपून हेमकांत घरी पोचला, तेव्हा त्याची आई बाहेर ओट्यावर एकटीच लसूण सोलत बसली होती आणि आतून आवाज येत होते.

"आई, घरमा काय चालू शे?"

"तुन्हा बाप नि तुन्ही बायको भांडी ऱ्हायनात."

हेमकांत चप्पल काढता काढता थांबला. "एकमेकांशी?"

"मंग कोनाशी? जामसिंगभाऊ तर दुसरा डावमा कवाच हारी गया. आते यास्नं चालू शे, पावसामा वीस पाहिजे का बावीस." मंगलाबाईंनी लसणाची सालं फुंकून टाकली. "सहा वरीस यास्ना निरोप वाहीसन मन्हं तोंड दुखनं. आज दुपारपाशी कोनी माले विचारेल नई. तू हातपाय धुय, आपू दोन्ही जेवी लेवूत. त्या काय आते उठतस नई."