तांब्यावरचा अंगठा

या, जरा जवळ सरकून बसा. एका धुणाऱ्या बाईची गोष्ट सांगतो. ऐकताना तिच्यात देव दिसला तर हात जोडा. नाही दिसला तर माझं सांगणं तोकडं.

देवाच्या या सृष्टीत दिसतं त्याच्या पाचपट न दिसणारं आहे, म्हणतात. ते कधीतरी एखाद्या अणूला धडकेल, चमक उठेल, या आशेवर डोंगराच्या पोटात एक यंत्र मांडलं होतं. त्याच्या तांब्याच्या पाट्या धुण्याचं काम दादा आणि त्याच्या धाकट्या बहिणीकडे. तिला सगळे ताई म्हणत. तांब्याला उघडं बोट लावायचं नाही, घामातल्या क्षारांनीही खोटी चमक उठते. दादा याबाबतीत इतका कडक, की यानं बायकोचा हातसुद्धा मोजे घालूनच धरला असेल, असं लोक चिडवत.

एके दिवशी पाटी धुऊन, तिच्या 'धुतली' या चिठ्ठीवर सही करून दादा तिथेच कोसळला. उठलाच नाही.

चार महिन्यांनी यंत्रात चमक दिसू लागली. तीन आठवडे सगळे हवेत. मग कळलं, ती घामाचीच, एकाच पाटीतून येणारी. यंत्र उघडलं, पाटी काढली. चिठ्ठीवर दादाची सही.

प्रयोगाच्या प्रमुख बाईंनी ताईला बोलावून घेतलं. "गेलेल्या माणसाला काय बोलायचं? पण वर्षभराची मेहनत पाण्यात गेली. अहवालात त्याचं नाव लिहावं लागेल."

दादा, आणि उघड्या हातानं? तिनं पाटी दिव्याखाली तिरपी धरली. अंगठ्याचा ठसा होता, आणि त्याच्या मधोमध आडवी रेघ. लहानपणी सुरीनं कापलेला तिचाच अंगठा.

तिला तो दिवस आठवला. दादा पाटीवरच पालथा पडला होता. त्याची नाडी बघायला स्वतःचे मोजे ओरबाडून काढून तिनं ती पाटी त्याच्या छातीखालून ओढली होती. नंतर कुणीतरी ती धुतलेल्यांत ठेवली असणार.

तोंड मिटून बसली असती तर नोकरी टिकली असती. गेलेल्याला कोण कामावरून काढणार?

तिनं मोजा काढून हात पुढे केला. "बाई, हा अंगठा माझाय. दादाचं नाव नका लिहू."

बाईंनी पाटी पाहिली, अंगठा पाहिला आणि अहवालाचा कागद बाजूला सारला. म्हणाल्या, "तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं हो, ताई."

महिनाअखेरीला ताई घरी बसली. त्याआधी ती पाटी तिनंच धुतली. यंत्र आता शांत आहे, खोटी चमक उठत नाही.

कधी तुमच्या कानावर आलं, की अजून काहीच सापडलं नाही, तर हसू नका. ती शांतता धुऊन ठेवणाऱ्या बहीणभावाची तेवढी आठवण काढा.